पक्ष पसंत नाहीं. मग मताचें काय?

निवडणूक जाहीर झाली कीं पुढारी गांवांत येतात, आणि पुढारी गांवांत आले कीं शहाणीं माणसें पारावरून उठून घरीं जातात, अशी स्थिति महाराष्ट्रांत अलीकडे झाली आहे. कोणासही विचारा, "मत कोणास देणार ?" उत्तर ठरलेलें : "सगळे सारखेच. एकालाही द्यावेंसें वाटत नाहीं." हें उत्तर आळशी माणूस देतो असें नाहीं. आमच्या पाहण्यांत तें देणारीं माणसें बहुतेक कष्टाळू, वर्तमानपत्र वाचणारीं, सोसायटीचा हप्ता चुकूं न देणारीं अशींच आहेत. ज्यास कांहींच कळत नाहीं त्याची अडचण नाहीं. ज्यास चार गोष्टी कळतात त्याचीच पंचाईत झाली आहे. म्हणून या प्रश्नाचा जरा उघड्यावर विचार करूं.

प्रथम हें कबूल केलें पाहिजे कीं मतदाराची तक्रार खोटी नाहीं. २०१९ च्या ऑक्टोबरांत महाराष्ट्रानें विधानसभेसाठीं मत दिलें. भाजप व शिवसेना हातांत हात घालून आले होते. लोकांनीं त्यांस १०५ आणि ५६ मिळून १६१ जागा दिल्या. काँग्रेस व राष्ट्रवादी समोर होते. पुढें काय झालें ? २३ नोव्हेंबरच्या भल्या सकाळीं, लोकांचा चहा व्हावयाचा होता तोंच, एक सरकार शपथ घेऊन मोकळें झालें. तें चार दिवसही टिकलें नाहीं. २८ नोव्हेंबरास शिवसेनेचा मुख्यमंत्री काँग्रेस व राष्ट्रवादीच्या खांद्यावर बसला. २०२२ च्या जूनांत शिवसेना फुटली, २०२३ च्या जुलैंत राष्ट्रवादी फुटली. मग निवडणूक आयोगानें धनुष्यबाण एका तुकड्यास दिला, घड्याळ एका तुकड्यास दिलें. म्हणजे ज्या चिन्हावर बोट ठेवलें तें एकीकडे, ज्यास पाहून ठेवलें तो माणूस कित्येक ठिकाणीं दुसरीकडे, आणि बोटाची शाई वाळवीत बसलेला मतदार तिसरीकडे ! अशा माणसास "पक्षावर निष्ठा ठेव" असें सांगावयास जाणारा पुढारी धीट म्हटला पाहिजे.

कित्येक म्हणतात, पक्ष पाहूं नका, माणूस पाहा. ऐकावयास हें गोड आहे. परंतु १९८५ सालीं पक्षांतरबंदीचा कायदा झाला तेव्हांपासून निवडून गेलेला सभासद सभागृहांत आपल्या मनानें हात वर करीत नाहीं. पक्षाचा हुकूम येईल तसा करतो, न केल्यास जागा जाण्याची भीति. तेव्हां वाईट पक्षांतला चांगला माणूस निवडून दिला तर तो पांच वर्षें वाईट पक्षाचाच हात वर करणार. बरें, या कायद्यानें पक्ष तरी टिकले काय ? २०२२ च्या फुटीचा खटला विधानसभेच्या अध्यक्षांपुढें चालला, १० जानेवारी २०२४ रोजीं निकाल लागला, आणि दोहों बाजूंचा एकही आमदार अपात्र ठरला नाहीं. एकट्या बैलानें मान हलविली तर चाबूक, आणि चाळीसांनीं मिळून दावें तोडलें तर रान मोकळें, असा हा कायदा आमच्या दृष्टीस दिसतो.

२०२४ च्या नोव्हेंबरांत पुन्हां विधानसभा आली. या खेपेस दोन आघाड्या, सहा मोठे पक्ष, आणि दोहोंकडे शिवसेना, दोहोंकडे राष्ट्रवादी. निदान विचारांत तरी फरक असेल म्हणून जाहीरनामे पाहावे तों तेथें लिलाव चाललेला. बायांस महिना १५०० रुपये जुलैपासून सुरू झालेच होते. एका बाजूनें २१०० ची बोली केली, दुसरीनें ३००० ची. सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये क्विंटल असून बाजारांत माल त्याच्या पुष्कळ खालीं जात होता. एक म्हणाला ६००० देऊं, दुसरा म्हणाला ७००० देऊं. हा माल घेणार कोण, ठेवणार कोठें, बारदान कोठून आणणार, याविषयीं सभांतून फारसें कोणी बोललें नाहीं.

पण याच सोयाबीनाच्या गोष्टींत एक बारकी खूण आहे, ती वाचकांनीं नजरेआड करूं नये. खरेदी केंद्रावर १२ टक्क्यांहून अधिक ओलावा असला कीं माल परत, हा नियम. शेतकरी कित्येक दिवस ओरडत होता, कोणी ऐकेना. मतदान २० नोव्हेंबरास, आणि तें तोंडावर आलें असतां केंद्रानें ओलाव्याची मर्यादा १५ टक्के केली. जो ओलावा काल चालत नव्हता तो आज चालूं लागला. शेतकऱ्यानें अर्ज केले, मोर्चे काढले, तेव्हां जें झालें नाहीं तें मताची तारीख जवळ येतांच झालें. सगळे पक्ष सारखे असतील, पण सगळे पक्ष सारखेच भितात हेंही खरें, आणि कशास भितात तें येथें दिसलें.

मग पक्ष पसंत नाहीं म्हणून घरीं बसावें काय ? विकत घेतलेलें मत कधीं घरीं बसत नाहीं. ज्याच्या हातांत आदल्या रात्रीं पाकीट पडलें त्यास सकाळीं न्यावयास गाडी येते. यादींत त्याच्या नांवावर खूण करावयास माणूस बसलेला असतो. दुपारीं दोनपर्यंत तो आला नाहीं तर त्याच्या दारांत हाक पडते. भावकीच्या दडपणाखालचें मत घरीं बसत नाहीं. उसाची तोड वेळेवर मिळावी म्हणून कारखान्याच्या पॅनेलास दिलेलें मत घरीं बसत नाहीं. ठेकेदाराच्या मजुराचें मत घरीं बसत नाहीं. घरीं बसतें तें एकच : जें कोणी विकत घेतलें नाहीं, ज्यावर कोणाची दांडगाई चालली नाहीं, आणि जें विचार करून पडावयाचें होतें तें. विचारी माणूस रुसून निघून गेला म्हणजे वाईट पक्षांचें नुकसान होतें अशी समजूत आहे. उलट त्यांचा खर्च वांचतो. दुरंगी लढत असून शंभरांतले पन्नास मतास आले तर सव्वीस हातीं धरले कीं काम झालें. ऐंशी आले तर एकेचाळीस धरावे लागतात.

२०२४ सालीं कोल्हापुराकडील करवीर मतदारसंघांत ८४ टक्क्यांहून अधिक लोकांनीं मत दिलें, आणि मुंबईच्या कुलाब्यांत ४५ टक्क्यांनींही दिलें नाहीं. कुलाब्यांतही कोळीवाडे व झोपड्या आहेत, सगळेच बंगलेवाले नव्हेत. पण बंगल्यांतला माणूस घरीं बसला तर त्याचें फारसें अडत नाहीं. त्याचा दवाखाना खाजगी, शाळा खाजगी, पाणी कमी पडलें तर टँकर बोलावण्याची ऐपत. सरकारशीं त्याचें भांडण असलें तर तें वकिलामार्फत चालतें. आमचा शेतकरी, शेतमजूर, हमाल, अंगणवाडीची बाई यांचें तसें नाहीं. त्यांचा रेशनचा तांदूळ, पोराची शिष्यवृत्ति, तालुक्याच्या दवाखान्यांतलें सापाचें औषध, सगळें सरकारच्या हातीं. रुसण्याची चैन श्रीमंतास परवडते.

कोणी निवडून आलेंच नाहीं तर काय होतें, हें पाहावयास दूर जाण्याचें कारण नाहीं. २०२२ सालीं मुंबईसकट पुष्कळ महानगरपालिकांची आणि बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. ओबीसींच्या राखीव जागा, प्रभागांची रचना, कोर्टकचेऱ्या यांत निवडणुका वर्षांमागून वर्षें लांबल्या. २०२५ च्या मे महिन्यांत सुप्रीम कोर्टानें चार महिन्यांत घ्या म्हणून बजावलें, तेव्हां गाडें हललें. मधल्या काळांत कारभार प्रशासकाच्या हातीं. शाळेचें छप्पर गळतें, नळाला पाणी नाहीं, रस्त्याचें बिल निघालें पण रस्ता निघाला नाहीं, हें सांगावयाचें कोणास ? पूर्वीं निदान आपल्या गटाच्या सभासदास बाजाराच्या दिवशीं चारचौघांत अडवून शिवी देतां येत होती. साहेबास ती देतां येत नाहीं, आणि साहेबास पुन्हां मत मागावयास यावयाचें नसतें. वाईट सभासदाचें वाईटपण ज्यांस नको झालें होतें त्यांस सभासदच नसण्याचें सुख तीन वर्षांहून अधिक भोगावयास मिळालें. आतां त्यांनींच त्याचा हिशोब करावा.

आतां कोणी म्हणेल, घरीं बसत नाहीं. जाऊन "वरीलपैकीं कोणीही नाहीं" हें शेवटचें बटण, म्हणजे नोटा, दाबून येतों. हा विचार अधिक प्रामाणिक आहे. सुप्रीम कोर्टानें २७ सप्टेंबर २०१३ रोजीं निकाल दिला म्हणून तें बटण यंत्रावर आलें. त्यापूर्वीं कोणासच मत द्यावयाचें नसेल तर तसें अधिकाऱ्यापुढें वहींत लिहून द्यावें लागे. सर्व गांवास कळे. आतां तें गुप्त राहतें, इतका लाभ खरा. पण पुढें काय ? लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकींत नोटास सर्वांत अधिक मतें पडलीं तरी त्याच्या खालचा उमेदवार निवडून येतो. अनामत रक्कम वांचावयास वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मतें लागतात, त्या हिशोबांतही नोटा धरीत नाहींत. २०१९ सालीं लातूर ग्रामीणमध्यें नोटा दुसऱ्या नंबरावर आला. २७,५०० मतें पडलीं. युतींत जागा कोणाच्या वांट्यास गेली याचा राग त्यांत होता असें त्या वेळीं उघड बोललें जात होतें. निवडून आलेल्यास एक लाख पस्तीस हजार मिळालीं होतीं. त्यास नोटाचा कांटाही रुतला नाहीं. त्याच मतदारसंघाचा निकाल २०२४ सालीं सात हजारांच्या आंतल्या फरकानें फिरला. सत्तावीस हजार माणसांस एका नांवावर एकत्र येतां आलें असतें तर काय झालें असतें हें लातूरकरांस आम्हीं सांगावयास नको.

इंदुराची गोष्ट निराळी. तेथें २०२४ च्या लोकसभेस काँग्रेसच्या उमेदवारानें ऐन वेळीं अर्ज मागें घेतला व तो समोरच्या पक्षांत गेला. मतदारापुढें लढतच उरली नाहीं, तेव्हां दोन लाख अठरा हजारांवर लोकांनीं नोटा दाबला. निकाल त्यानें बदलला नाहीं, पण दुकानांत एकच माल ठेवून "घे" म्हणणाऱ्यास तें उत्तर योग्य होतें असें आमचें मत आहे. नगरपालिका व महानगरपालिकांच्या निवडणुकींत तर महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगानें २०१८ सालीं नोटास थोडे दांतही दिले : नोटास सर्वांत अधिक मतें पडलीं तर फेरनिवडणूक घ्यावी. तेव्हां आपल्या वॉर्डांत खरोखर सगळेच उमेदवार गुंड असले आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचें एकमत असलें तर तेथें हें बटण उपयोगाचें. एकट्यानें रागानें दाबण्याचें तें बटण नव्हे.

न दिलेलें मत कोणाच्या पदरांत पडतें हें आमच्या बायांस पुढाऱ्यांपेक्षां चांगलें ठाऊक आहे. २००८ च्या सरकारी हुकुमाप्रमाणें गांवचें दारूचें दुकान बंद करावयाचें तर बायांचें मतदान मागतां येतें. उभी बाटली म्हणजे दुकान राहूं द्या, आडवी म्हणजे बंद करा. पण आडव्या बाटलीस मतदान करावयास आलेल्या बायांच्या नव्हे, तर यादींतल्या एकूण बायांच्या निम्म्याहून अधिक मतें लागतात. म्हणजे जी सासरीं गेली, जी खुरपणीस गेली, जिला नवऱ्यानें दाराबाहेर पडूं दिलें नाहीं, तिचें मत आपोआप दुकानदाराकडे गेलें. मोठ्या निवडणुकींत हा हिशोब असा उघड छापलेला नसतो, इतकेंच.

पक्ष मनासारखा मिळत नाहीं ही तक्रार आजची नव्हे. १९१९ च्या सुधारणांनंतर मुंबई कौन्सिलांत बहुजन समाजाच्या लोकांस प्रथम कांहीं जागा दिसूं लागल्या, तेव्हां एका बाजूस परकी सरकार आणि दुसऱ्या बाजूस भटजी-शेटजींची म्हणून ओळखली जाणारी काँग्रेस. दोन्ही नकोत. कांहींनीं ब्राह्मणेतर पक्ष काढून कौन्सिलांत पाऊल टाकलें. भास्करराव जाधव मंत्री झाले. पुढें केशवराव जेधे काँग्रेसमध्यें गेले, पुष्कळांस तें रुचलें नाहीं. डॉ. आंबेडकरांनीं दोहोंकडे न जातां १९३६ सालीं स्वतंत्र मजूर पक्ष काढला. स्वराज्य आलें आणि जेधे-मोरे मंडळींनीं काँग्रेसबाहेर पडून शेतकरी कामगार पक्ष उभा केला. जेधे पुढें काँग्रेसमध्यें परतलेही. कोण बरोबर, कोण चुकला, यावर आजही भांडतां येईल. पण पसंत पक्ष नाहीं म्हणून मताचा हक्कच खुंटीस टांगावा असें यांपैकीं कोणी म्हटलें नाहीं, कारण त्या वेळीं तो हक्क सारा भरणाऱ्यांस आणि अशाच मोजक्या लोकांस होता, आणि तो गोरगरिबांस मिळावा म्हणून झगडावें लागत होतें. १९२८ सालीं सायमन कमिशनापुढें डॉ. आंबेडकरांनीं सर्व प्रौढांस मत मागितलें. तें सर्वांच्या हातीं पडून पहिली निवडणूक व्हावयास १९५१-५२ साल उजाडलें.

आतां प्रत्यक्ष निवड कशी करावी ? आमची पहिली सूचना अशी कीं "माझा पक्ष कोणता" हा प्रश्न सोडून द्यावा. पाडव्यास सालगडी ठेवतांना आपण त्याशीं सोयरीक जोडीत नाहीं. मागच्या धन्याकडे यानें काय केलें, जनावरास मारतो काय, रात्रीं पाणी धरावयास उठतो काय, एवढें पाहतों. आणि बाजारांत उभ्या असलेल्यांतूनच एक निवडतों, कारण पेरणी थांबत नाहीं. (आमच्या वाचकांत स्वतः सालगडी असलेलेही आहेत. धनी कसा पारखावा हें त्यांस ठाऊक आहे. तोच न्याय येथें लावावा.)

मागच्या धन्याकडे काय केलें तें पाहावयास आतां कागद मिळतो. सुप्रीम कोर्टाच्या २००२ व २००३ च्या निकालांमुळें प्रत्येक उमेदवारास आपल्यावरचे खटले, मालमत्ता, कर्ज व शिक्षण शपथेवर लिहून द्यावें लागतें, आणि तें निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणासही पाहतां येतें. गांवांत एका तरी पोराच्या हातीं मोबाइल असतोच. त्यास बसवून तें मोठ्यानें वाचून घ्यावें. यंदाचें एकटें वाचूं नये, मागच्या निवडणुकीचेंही शेजारीं ठेवावें. पांच वर्षांत शेतीच्या उत्पन्नावर इस्टेट तिप्पट करणारा उमेदवार आढळला तर मत देण्यापूर्वीं त्यास बियाण्याचें नांव अवश्य विचारावें.

दुसरें, आपल्या घराला लागून असलेला एकच प्रश्न निवडावा, दहा नकोत. कालव्याचें पाणी असेल, कापसाचें केंद्र असेल, बंद पडलेली एस. टी. असेल, शाळेंत नसलेला मास्तर असेल. या एका गोष्टीवर कोणी काय केलें इतकेंच तपासावें. येथें पक्ष सारखे दिसत नाहींत. येथें फरक पडतो, आणि पुष्कळदां तो मोठा पडतो. तरीही दोन उमेदवार समान उतरले तर ज्याच्या दारांत उभें राहून भांडतां येईल तो बरा. मुंबईहून फोन आल्याशिवाय ज्याचें दार उघडत नाहीं तो कितीही गोड बोलो, त्यास बाजूस ठेवावें.

तिसरी गोष्ट जरा बारीक आहे. आपल्या मतदारसंघांत लढत अटीतटीची आहे कीं निकाल ठरल्यासारखा आहे, हें आधीं पाहावें. २०२४ सालीं मुंबई वायव्यची लोकसभेची जागा ४८ मतांनीं गेली, आणि तेथें नोटा दाबणारे हजारों होते. त्याच सालीं विधानसभेस मालेगांव मध्यचा निकाल १६२ मतांनीं, साकोलीचा २०८ मतांनीं लागला. राजस्थानांत २००८ सालीं नाथद्वाऱ्यास एक पुढारी एका मतानें पडला. अशा अटीतटीच्या ठिकाणीं दोन वाइटांपैकीं अधिक वाईट कोण, जातिधर्माच्या नांवानें घरें कोण पेटवील, गरिबाच्या तोंडचा घांस कोण काढील, हें ठरवून त्यास पाडण्यासाठीं मत द्यावें. तेथें आपली आवड बाजूस ठेवावी. परंतु जेथें लाख मतांचा फरक पडणार हें सूर्यप्रकाशाइतकें स्पष्ट आहे तेथें मोठ्याच्या ढिगावर आणखी एक मत टाकण्यांत काय हंशील ? तेथें एखादा स्वच्छ, गरीब, पडणारा उमेदवार असेल तर खुशाल त्यास द्यावें. तें मत फुकट गेलें असें म्हणणारांस आम्ही कोंकणांतील खोतीची आठवण देतों. स्वतंत्र मजूर पक्ष लहान. सरकार त्याचें नव्हतें. १९३७ सालीं डॉ. आंबेडकरांनीं खोती मोडण्याचें बिल असेंब्लींत मांडलें, तें पास झालें नाहीं. १९४९ सालीं खोती नष्ट करण्याचा कायदा झाला, आणि तो त्यांच्या पक्षाच्या सरकारनें केलेला नव्हता. लहान पक्षाच्या मागें किती लोक उभे आहेत याची मोजदाद मोठे पक्ष घरीं बसून बरोबर करीत असतात.

या सगळ्यांत घरांतल्या बाईचें मत घरधन्यानें ठरवूं नये, हें आम्हांस पुन्हां लिहावें लागतें याची शरम वाटते. पंधराशें रुपये तिच्या नांवानें जमा होतात, हातपंपावर हंडा ती नेते; तिचा प्रश्न निराळा असेल तर तिचें मतही निराळें पडेल, आणि त्यानें संसार मोडत नाहीं.

राहिली एक व्यवहाराची गोष्ट. "सगळे सारखेच" म्हणणारांपैकीं कित्येकांचें नांवच यादींत नसतें, आणि तें त्यांस मतदानाच्या दिवशीं केंद्रावर कळतें. नांव नसेल तर नमुना ६ भरून द्यावा लागतो, गांवचा बी. एल. ओ., म्हणजे बहुधा शाळेचे मास्तर किंवा अंगणवाडीच्या बाई, तो घेतात, आणि मोबाइलवरूनही भरतां येतो. उमेदवारी अर्जांची मुदत संपली म्हणजे यादी बंद होते, मग कोणाचाही वशिला चालत नाहीं. तेव्हां अठरा वर्षें पुरीं झालेलीं पोरें, नव्यानें लग्न होऊन आलेल्या सुना आणि ऊसतोडीस बाहेर जाणारीं कुटुंबें यांचीं नांवें निवडणूक नसतांनाच ग्रामपंचायतींत बसून तपासून घ्यावीं.